क्लाइव्हची गाडी, माझ्या मापाची

लडलो, ९ मार्च

कोरीन,

तुझं पत्र मिळालं. अकरा वर्षांनी धाकट्या बहिणीचं पत्र यावं आणि पहिल्याच पानावर तीनदा 'ताई' असावं, म्हणजे काहीतरी मागायचंय हे पान उलटायच्या आधीच कळलं. मला वाटलं, आईचा चहाचा सेट मागशील. मागणं मोठं निघालं.

तर क्लाइव्ह आजारी आहे. अशा वेळी वाईट वाटलं असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते, वाईट वाटलं. नसांचा हा आजार मला ठाऊक आहे. आमच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे त्या प्रॉबर्टना झाला होता. आधी हात, मग पाय, मग गिळणं. डोकं शेवटपर्यंत शाबूत राहतं, सगळं समजत असतं. तू म्हणतेस सध्या फक्त बोटांत आलंय, पानगळीपर्यंत मूठ वळणार नाही असं डॉक्टर म्हणाले, आणि त्याआधी त्याला एकदा, फक्त एकदा, 'त्याची गाडी' चालवायची आहे.

गाडी माझी आहे. कागदावर माझं नाव त्यानेच घातलं होतं, बायकोच्या नावावर विमा स्वस्त पडतो म्हणून. वेगळं होताना वकिलाने विचारलं, तुम्हाला काय काय हवंय. क्लाइव्हला दोनच गोष्टी हव्या होत्या, तू आणि गाडी. दोन्ही कशा देणार? एक दिली.

बांधली त्याने, हे मी नाकारत नाही. कारखान्यातून सुटे भाग आले आणि त्यांतून सहा हिवाळे गॅरेजात बसून त्याने गाडी उभी केली. मी दारात चहाचा कप ठेवायचे आणि तासाभराने रिकामा उचलायचे, एवढाच आमचा संसार उरला होता. तू त्या दिवसांत फार यायचीस. गाड्यांची तुला एकदम गोडी लागली होती. लग्नाच्या बायकोपेक्षा मेव्हणीला इंजिनातलं जास्त कळतं, असं मी कौतुकाने शेजारणीला सांगायचे. माझ्याएवढी बावळट बाई साऱ्या श्रॉपशरमध्ये नव्हती.

तू विचारलंस, गाडी नीट आहे ना, का नुसती झाकून ठेवलीय. झाकून कशाला ठेवू? मी चालवते. वर छप्पर नाही, दार नाही, गरम हवा नाही, रस्ता बुडाखाली वीतभर अंतरावर. वय वर्षं त्रेसष्ट. पॅडल इतकी जवळजवळ आहेत की साध्या बुटाने एक दाबायला जावं तर दोन दाबली जातात, म्हणून हिरवळीवर गोळे घरंगळवत बोल्स खेळायचे माझे पातळ तळव्याचे बूट घालते. पाऊस आला तरी चालू गाडीत भिजत नाही, थांबलं की भिजते. हे तुला माहीतच असेल म्हणा.

विचार करून कळवते. फोन करू नकोस, उचलणार नाही.

डेलिया

*

लडलो, ३० मार्च

कोरीन,

'मी तुला कधी दुखवायचं ठरवलं नव्हतं' असं तू लिहिलंयस. ठरवलं नव्हतंस हे खरं. तुम्ही दोघांनी माझा विचारच केला नव्हता.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. तुमचं मला कसं कळलं, याचं तुला कोडं असणार. कुणी चुगली केली नाही, कुठे चिठ्ठी सापडली नाही. मला सीटने सांगितलं.

या गाड्यांना सीट अंगावर ओततात. जागेवर मोठी प्लॅस्टिकची पिशवी पसरायची, त्यात दोन द्रव ओतायचे आणि माणसाने त्यावर न हलता बसायचं. फेस फुगत वर येतो, पाठीला, कमरेला, मांड्यांना गच्च धरतो आणि तसाच कडक होतो. मग त्यावर कातडं चढवायचं. ते माणूस सोडून दुसरं कुणी त्यात बसूच शकत नाही. क्लाइव्हने दोन सीट ओतल्या, एक स्वतःची आणि एक शेजारची. शेजारच्या सीटसाठी मला कधी बोलावलं नाही. मला वाटलं, आपल्याला थंडी बाधते हे तो जाणतो, म्हणून आग्रह करत नाही.

गाडी सरकारी तपासणीत पास झाली आणि अशा गाड्या बांधणाऱ्यांच्या क्लबच्या पहिल्याच रविवारी मॉरिस बेबिंग्टनने सगळ्यांसमोर म्हटलं, "क्लाइव्ह, वहिनींना एक चक्कर तरी मार की." मॉरिस क्लबचा सगळ्यांत जुना, त्याने स्वतः तीन गाड्या बांधल्यात. त्याला नाही म्हणता येईना. मी गाडीत उतरले आणि बसताच येईना. माझी कंबर ही अशी रुंद, पाठ लांब. साचा चिंचोळा, आणि डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली. लहानपणी तट्टूवरून पडलीस तेव्हापासून कुणाचा डावा खांदा खाली आहे, कोरीन?

मॉरिस हसून म्हणाला, "सीट चुकली की काय रे?" सगळे हसले. क्लाइव्ह म्हणाला, "फेस आकसतो कधीकधी." मी अर्धं बूड अधांतरी ठेवून, दोन्ही हातांनी लोखंडी कमान धरून, वेनलॉकपर्यंत गेले आणि आले. वाटेत अशाच दुसऱ्या दोन गाड्या भेटल्या. यांच्यात एकमेकांना हात करायची रीत आहे. क्लाइव्हने हात केला. मीही केला.

गाडी माझ्याकडे राहिल्यावर मॉरिसने चालवणाऱ्याची सीट माझ्या अंगावर नव्याने ओतून दिली. पॅडल पुढे घेतली, स्टिअरिंग बदललं. चारही चाकांखाली वजनकाटे ठेवून, सीटमध्ये माझ्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या ठेवून स्प्रिंगा लावल्या. आता ती गाडी माझ्याखेरीज कुणाखाली सरळ चालत नाही. तुझी सीट मात्र आहे तशी ठेवलीय. सोमवारच्या बाजारातून बटाटे आणते, ते तिच्यात छान बसतात.

तर माझं उत्तर, हो. येऊ देत त्याला, चालवू देत. मी इतकी वाईट नाही. फक्त लगेच नको. बर्फासाठी टाकलेलं मीठ अजून रस्त्यांवर आहे, त्यात ही गाडी कुणीच बाहेर काढत नाही, खालच्या नळ्या गंजतात. क्लाइव्हला विचार, तो हेच सांगेल. दोन-चार चांगले पाऊस होऊन रस्ते धुतले जाऊ देत. मे महिन्यात ठरवू.

त्याच्या हातांचं कळवत जा. शर्टाची बटणं लावता येतात का?

डेलिया

*

लडलो, १२ मे

कोरीन,

एवढे आभार मानू नकोस, अवघडायला होतं. 'तो आनंदाने रडला' वगैरे वाचून मलाही कसंसंच झालं.

मात्र या महिन्यात जमत नाही. वार्षिक तपासणीत मागच्या धुऱ्यात ढिलाई निघाली. मॉरिसने सगळं खोललंय आणि एक भाग मिळत नाहीये. क्लाइव्हनेच कुठल्याशा जुन्या गाडीचा बसवला होता, त्याला आठवतं का विचार. त्याला पत्र लिहिता येत असेल तर त्यालाच लिहू दे. नसेल येत तर राहू दे.

शिवाय माझी सीट काढून त्याच्यासाठी काहीतरी बसवावं लागेल, पॅडल मागे घ्यावी लागतील. वाटतं तेवढं सोपं नाही. त्याच्यासाठीच करतेय, तेव्हा नीट करू.

बटणं लागत नाहीत म्हणतेस, पण चमचा धरता येतो. ठीक आहे. मार्मलेडच्या बरणीचं झाकण उघडतं का? हे मी उगाच विचारत नाही. उभ्या गाडीत हे स्टिअरिंग किती जड जातं, तुला कल्पना नाही. पकड सुटली आणि तो क्ली हिलच्या दगडी कुंपणात गेला, तर तू मलाच बोल लावशील.

जून महिना आमच्याकडे फार सुंदर असतो. जूनमध्ये बघू.

डेलिया

*

लडलो, २० जून

कोरीन,

तू चिडलीस. 'मुद्दाम लांबवते आहेस' हे वाक्य दोनदा अधोरेखित केलंयस, कागद फाटलाय.

हे बघ, गाडी माझी, घर माझं, आणि क्रोमरहून इथवर त्याला आणायचा हट्ट तुझा. मी नाही म्हटलेलं नाही. भाग मिळाला, धुरा बसला. पण या महिन्याचे चारही रविवार बोल्सचे सामने आहेत आणि यंदा मी कप्तान आहे. तुमच्या सपाट नॉरफोकात एकही वळण नाही, तिथे तो इतकी वर्षं काय चालवत होता? थोडा धीर धरता येईल त्याला.

मॉरिस परवा आला होता. गाडी सज्ज बघून म्हणाला, "क्लाइव्हला बोलावलंस की नाही? उशीर नको करू हं." मी म्हटलं, तारीख देतेच आहे. तो म्हणाला, "डेलिया, तू तीस वर्षं दाताच्या डॉक्टरांकडे खिडकीत बसलीस. नको असलेल्या पेशंटला कशा तारखा द्यायच्या, हे तुला चांगलं येतं." आणि चहा न घेता गेला. इतका तुसडा तो कधी वागत नाही.

झाकण उघडत नाही, हे तू लिहिलं नाहीस, पण चिडलीस त्यावरून समजलं. चमचा?

डेलिया

*

लडलो, २३ जुलै

कोरीन,

चमचा पडतो, हे वाचलं. तू भरवतेस, हेही वाचलं.

आता या. ऑगस्टचा पहिला रविवार मोकळा ठेवलाय. गाडी धुऊन पुसून तयार आहे, टाकी भरलीय, पॅडल त्याच्या मापाला मागे घेतलीत, माझी सीट काढून गाद्या लावल्यात. जेवायलाच या. आता मात्र पुढे ढकलू नका.

डेलिया

*

लडलो, १८ ऑगस्ट

कोरीन,

तुझं पत्र आलं. तू त्या रविवाराला 'देवाने दिलेला दिवस' म्हणतेस. आपण दोघी एकाच अंगणात होतो ना? माझ्या बाजूने काय झालं ते वाच, म्हणजे गैरसमज राहणार नाही.

जेवायला हाडाच्या चॉप्स मी मुद्दाम केल्या होत्या. सुरीशिवाय त्या खाता येत नाहीत. तू त्याचं ताट ओढून घेऊन तुकडे करायला लागलीस आणि तो म्हणाला, "बारीक कर गं, मी आता मांजर आहे." तुम्ही दोघं हसलात. माझ्या टेबलावर तो सव्वीस वर्षांत कधी हसला नव्हता.

मग अंगणात मी त्याच्या हातात किल्ली दिली. त्या हाताला ती धरता येणार नाही, हे मला माहीत होतं. मी मार्चपासून त्याच दिवसाची वाट बघत होते, हे आता तुला सांगायला हरकत नाही. किल्ली खडीवर पडली. तू वाकलीस, तेव्हा मी म्हणाले, "राहू दे. त्याची गाडी आहे ना? त्याला उचलू दे." तू माझ्याकडे बघितलंस. लहानपणी मी तुझी बाहुली विहिरीत टाकली होती, तेव्हा असंच बघितलं होतंस.

त्याने याचना करावी, रडावं, निदान तोंड फिरवावं, एवढीच माझी अपेक्षा होती. तो म्हणाला, "डेलिया, तूच चालव. मी ऐकतो."

सीट परत बसवायला, पॅडल पुढे घ्यायला मला तासभर लागला. तो खुर्चीवर बसून बघत होता आणि मी कुठला पाना घेते ते तुला हळूच सांगत होता, मला ऐकू येत होतं. म्हटलं, बसू दे ताटकळत. मी निघाले ती लांबच्या रस्त्याने. पण त्या दरीत आवाज कसा घुमतो ते मी विसरले. प्रत्येक गिअर त्याला अंगणात ऐकू जात होता. आणि खरं सांगू, वर पोचेपर्यंत माझं सुडाकडे लक्ष राहिलं नाही. कोरडा रस्ता, दोन्ही बाजूंना झुडपांची कुंपणं, पुढची चाकं डोळ्यांसमोर वळताना दिसतात. एवढी चांगली मी कधीच चालवली नव्हती. त्याने ऐकावं म्हणूनच चालवली. हे लिहिताना लाज वाटते.

परत आले तर त्याचे गाल ओले, आणि तोंडभर हसू. म्हणाला, "चर्चमागचं वळण तू दुसऱ्यात घेतलंस?"

म्हटलं, हो.

"मी तिसऱ्यात घ्यायचो. माझं चुकत होतं."

सव्वीस वर्षांत त्या माणसाच्या तोंडून हे शब्द मी ऐकले नव्हते. दुसरी बाई केल्याबद्दल नाही, एका गिअरबद्दल. आणि वर म्हणतो, "गाडी तुझ्याकडे राहिली ते बरं झालं. माझ्यापेक्षा तुलाच ती जास्त समजली." तू गेटपाशी मला मिठी मारलीस. मी उभी होते, तू मारलीस, एवढंच.

डेलिया

*

लडलो, १४ सप्टेंबर

कोरीन,

क्लाइव्ह आता बरा झोपतो, चिडचिड करत नाही, नर्सला रोज त्या वळणाची गोष्ट सांगतो, हे कळलं. 'ताई, तू त्याला शांती दिलीस,' असं तू लिहिलंस. आणि पुढे हळूच, की चालवायचा प्रश्नच नाही, पण गाडी तुमच्या खिडकीसमोर उभी राहिली असती तर हिवाळाभर त्याला दिसली असती.

पाठवते. आता ती तुमचीच. गुरुवारी ट्रक येईल.

गाडी एकोणीस खोक्यांत आहे.

माझी मीच खोलली. मॉरिस एकदा डोकावला. तोवर मी इंजिन साखळीने वर घेतलं होतं. दारातूनच म्हणाला, "नको करू हे. या गाडीने काय केलंय तुझं?" मी पाना खाली ठेवला नाही, तेव्हा निघून गेला. त्यानंतरच्या रविवारी क्लबात माझ्यासाठी कुणी खुर्ची ओढली नाही. माझी बिअर मी उभ्यानेच संपवली. तिथे पुन्हा जाणं होईल असं वाटत नाही. गाडी नसलेल्या बाईला तिथे काय काम?

कशाचीही मोडतोड केलेली नाही. एक ओरखडा दिसला तर सांग. सगळे भाग पुसून, तेल लावून, वर्तमानपत्रात गुंडाळलेत, कारखान्यातून त्याच्याकडे आले तसेच. फक्त नट-बोल्ट मी वेगळे ठेवले नाहीत, सगळे एकाच बादलीत आहेत. कुठला कुठे लागतो, हे या जगात फक्त त्याला माहीत आहे. तू त्याच्यासमोर एकेक धर, तो सांगेल. हात नसले तरी डोकं शाबूत राहतं, हे मी तुला मार्चमध्येच लिहिलं होतं. हिवाळा मोठा आहे.

मला वाटलं होतं, शेवटचं खोकं बंद केलं की मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. काल सकाळी रस्ता कोरडा होता, ऊन होतं, आणि मी सवयीने गॅरेजचं दार उघडलं. आत नुसती फरशी. त्या गाडीत बसले की मी कुणाची टाकलेली बायको नसायचे. आता रोज असेन. मी खूप रडले. तरी ट्रक परत बोलावला नाही.

का केलं, असं तू विचारशील. तो माझ्या अंगणातून दोनदा गेला, कोरीन. एकदा अकरा वर्षांपूर्वी, एकदा ऑगस्टमध्ये. दोन्ही वेळा तुझ्या शेजारी बसून, हसत गेला.

ट्रकवाल्याला खोकी खिडकीसमोरच उतरवायला सांगितलंय. पोचपावतीवर सही तुझी लागेल, त्याला जमणार नाही.

डेलिया